मऊ पेरूचा सत्कार

आमच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्यात कंपनीची कागदपत्रं असतील असा कुणाचाही समज होईल. त्यात असतात शाली, एक केशरी फेटा आणि एक नारळ. गावात बाहेरचं कुणी शिकलेलं माणूस आलं की आधी हे कपाट उघडतं. शाल पाहुणे घेऊन जातात. फेटा गाडीत बसताना काढून देतात, कारण पुढे शिर्डीच्या रस्त्याला लोक नवरदेव समजून वाकून बघतात. नारळही परत येतो. "प्रवासात गडगडतो हो, राहू द्या इथंच," असं म्हणत पाहुणे तो हळूच टेबलावर ठेवतात आणि मी तो पुन्हा कपाटात ठेवते. असा हा एकच नारळ किती विद्वानांच्या हातातून फिरला, याचा मला आता हिशोब सांगता येत नाही.

कंपनी म्हणजे शेतकरी कंपनी. राहाता तालुक्यातल्या आमच्या गावात पेरूच्या बागा फार, त्या बागवाल्यांनी मिळून ती काढली. कंपनी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काचेची इमारत येते. आमच्या कंपनीला पत्रा आहे. नियमाप्रमाणे तिला एक सीईओ लागतो. गावात एम.कॉम. झालेली, इंग्रजी ईमेल वाचता येणारी आणि दुपारी मोकळी असणारी एकच व्यक्ती निघाली, ती मी. 'दुपारी मोकळी' हे संचालक मंडळाचं मत. त्याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण ते कुणी विचारलं नाही. गावात मला 'शीओबाई' म्हणतात. पहिल्या वर्षी मी चिडायचे, आता फोनवर मीच तसं सांगते.

ही नोकरी मी धरून ठेवली ती पदासाठी नाही, आमच्या बागेसाठी. माझ्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची पेरूची बाग ही खरं तर सासूबाईंची, आईंची. लग्न होऊन आल्यावर त्यांनी ती रोपं लावली आणि पहिले उन्हाळे कळशीने पाणी घालून जगवली. अण्णा बाग मालकीची मानतात, आई नात्याची. कुठल्या झाडाला कधी ताप आला होता हेही त्या सांगतात. पण हिवाळ्यात सगळ्या तालुक्याचा पेरू एकदम पिकतो आणि बाजारात त्याला कुणी हुंगत नाही. एका वर्षी अण्णा असे वैतागले की जेवता जेवता म्हणाले, "येवढा बहार बगतो. संक्रांत झाली की जेसीबी. ऊस लावतो. उसाला कुनी अंगठा लावून बगत न्हाई."

आईंनी वाढणं थांबवलं.

अंगठ्याचा काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही. जेसीबीचं मात्र लगेच कळलं. अण्णांच्या भाच्याने नुकताच नवा जेसीबी घेतला होता, आणि नव्या जेसीबीवाल्याला सगळं जग उपटण्याजोगं दिसतं. तो दर सोमवारी फोन करायचा. "मामा, कधी येऊ?" आवाजात इतकी माया की ऐकणाऱ्याला वाटावं, हा मामाला भेटायला तळमळतोय.

मी अण्णांना म्हटलं, "कंपनीने आणून ठेवलेलं मशीन चालू झालं तर जो पेरू बाजारात खपत नाही त्याचाही गर निघेल. मग बाग तोडायची काय गरज?"

"चालव मग," अण्णा म्हणाले. ते स्वतः कंपनीचे संचालक, पण मशीनबद्दल ते असे बोलायचे जसं ते मी माहेराहून आणलंय.

मशीन चांगलं होतं. पेरू धुवायचा, चिरायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा आणि वरून टाकायचा. आतली पाती तो चाळणीवर घासतात, खालून गर येतो आणि बाजूने बिया पडतात. उद्घाटनाला आम्ही मशीनला झेंडूचा हार घातला. प्रत्येक संचालकाने आपापल्या बागेतून एकेक क्रेट आणला. काय पेरू होते ते. पोपटी, टणक, एकसारखे, अंगावर डाग नाही. मुलगी बघायला जाताना न्यावेत असे. मशीनने पहिला घास घेतला, घशात काही अडकल्यासारखा आवाज काढला आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा खालून जे आलं ते ओल्या वाळूसारखं होतं. आमच्या चेअरमननी ते बोटावर घेऊन चाखलं आणि चेहरा न बदलता म्हणाले, "पौष्टिक हाय."

मशीनवाल्यांनी फोनवर सांगितलं की मशीनमध्ये दोष नाही, चालवायला शिका. मग मिटिंगमध्ये एकमताने ठरलं की बाहेरचं ज्ञान आणायचं. आणायची आमच्या लोकांना सवय आहे. बी आणतात, खत आणतात, औषध आणतात. आणून शेडमध्ये ठेवलं की निम्मं काम झालं असं मानतात. ज्ञानाचंही तसंच होणार हे मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आम्ही फळप्रक्रियेतल्या एका जाणत्या सरांना बोलावलं. सर साधे, बारीक अंगाचे, बोलायला उत्सुक. त्यांनी बरोबर एक सुरी आणि छोटी चाळणीसुद्धा आणली होती. ती पिशवीतून बाहेर निघालीच नाही. कारण आधी सत्कार. आता हे सांगायला हवं की आमच्या चेअरमनची निवड काही पेरूच्या अभ्यासावर झालेली नाही. फेटा बांधण्यात तालुक्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. लग्नसराईत लोक त्यांना गाडी पाठवून नेतात. एखाद्याचं डोकं दिसलं की त्यांची बोटं वळवळायला लागतात. त्यांनी सरांना फेटा बांधला, पसंत पडला नाही म्हणून सोडला आणि पुन्हा बांधला. मग एका संचालकाने शाल, दुसऱ्याने हार, तिसऱ्याने नारळ, चौथ्याने गुच्छ. एकाला जरी विसरलं तरी तो पुढची निवडणूक येईपर्यंत लक्षात ठेवतो. मग प्रास्ताविक, परिचय, मनोगतं. कंपनी का काढली हे चौघांनी सांगितलं, आणि चौघांची कारणं वेगळी होती. शेवटी चेअरमन म्हणाले, "आता सरांनी थोडक्यात मार्गदर्शन करावं. जेवन तयार हाय."

सर उभे राहिले. फेट्याचा शेमला चष्म्यावर येत होता. तो सावरत त्यांनी सुरुवात केली तोच आमटीचा वास आला आणि पहिल्या रांगेतली माणसं गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या बेतात बसली. सरांनी ते बघितलं आणि शुभेच्छा देऊन बसले. मी जेवणात त्यांच्या ताटाजवळ जाऊन विचारलं, "सर, गर वाळूसारखा का येतो?" त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चेअरमननी आग्रहाने त्यात जिलेबी घातली. अशा रीतीने पहिलं ज्ञान आलं आणि जेवून गेलं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, इथं होणार नसेल तर आपणच शिकायला जाऊ. शेजारच्या जिल्ह्यात गर काढणारी एक कंपनी होती, तिथं अभ्यास दौरा ठरला. दोन जीप, पहाटे निघाल्या. वाटेत देव लागले. देव लागल्यावर उतरावं लागतं, आणि एकाला उतरून दुसऱ्याला गाडीतून हात जोडले तर त्या देवाला काय वाटेल? आम्ही पोचलो तेव्हा कारखान्याचं शटर खाली होतं आणि बाहेर एक वॉचमन डबा उघडून बसला होता. चेअरमन म्हणाले, "येवढ्या लांब आलोय, कुनाचा तरी सत्कार केल्याबिगर जायचं कसं?" त्यांनी वॉचमनला फेटा बांधला. तो बिचारा हातातली भाकरी खाली ठेवून ताठ उभा राहिला. फोटो झाल्यावर त्याने फेटा काढून दिला आणि नारळही घेतला नाही, ड्युटीवर काही घेता येत नाही म्हणाला. तोच नारळ. मांडीवर घेऊन मी परत आले. शटरसमोर काढलेला सगळ्यांचा फोटो ऑफिसात लावलाय, खाली लिहिलंय 'तंत्रज्ञान पाहणी'.

अशातच नगरच्या एका आईस्क्रीमवाल्याचा फोन आला. त्याला पेरूचं आईस्क्रीम करायचं होतं, वर तिखट-मीठ भुरभुरून देतात तसलं. म्हणाला, संक्रांतीपर्यंत एक कॅन सँपल आणून द्या, चांगला निघाला तर गर तुमच्याकडूनच घेईन. मी घरी येऊन सांगितलं. आईंनी पहिल्यांदा विचारलं, "म्हंजे बाग ऱ्हाईल?" अण्णा म्हणाले, "आदी गर तर निगू दे." आता एकच संक्रांत दोघांनी धरून ठेवली होती, आईस्क्रीमवाल्याने आणि जेसीबीवाल्याने.

मी सरांना फोन केला आणि पुन्हा या म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, मी येतो, पण बोलू द्याल का?"

सत्कार टाळायचा कसा, याचा मी दोन दिवस विचार केला. साधेपणाने या म्हटलं तर आमचे लोक जास्तच करतात. सरांना आवडत नाही म्हटलं तर विनय समजून दोन शाली घालतात. शेवटी भाकरी थापताना सुचलं. मी चेअरमनना जाऊन सांगितलं, "सर येणार आहेत, पण त्यांना सुतक आहे."

चेअरमनचा हात कपाटाच्या कडीवर होता, तो खाली आला. सुतकातल्या माणसाला हार नाही, नारळ नाही, गंध नाही, फेटा तर मुळीच नाही. त्यावर कुणाचा काही इलाज नसतो. "मंग ते बाहेर कसं काय हिंडत्यात?" एका संचालकाने विचारलं. मी म्हटलं, "नोकरीवाल्याला कुठली एवढी रजा?" हे सगळ्यांना पटलं. सरांना मी आधीच कल्पना दिली होती. ते हादरले. "अहो, माझ्या घरी सगळे ठणठणीत आहेत." मी म्हटलं, "लांबचं सांगते सर, चुलत चुलते. तुम्ही फक्त फार हसू नका."

सर आले. संचालक मंडळ पांढऱ्या टोप्या घालून हलक्या पावलांनी जमलं. खुर्च्या कुणी मागितल्या नाहीत, सगळे सतरंजीवर सरांच्या भोवती जवळ जवळ बसले. इतक्या जवळ ही माणसं तज्ज्ञाच्या कधी बसली नव्हती. माईक नाही, प्रास्ताविक नाही. सुतकात मनोगत कोण मांडणार? चेअरमननी हळू आवाजात विचारलं, "वय काय हुतं म्हनायचं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"ऐंशीच्या पुढे," सर म्हणाले.

"पिकलं पान," चेअरमन म्हणाले. "गळायचंच."

आणि इथं त्या माणसाची हुशारी दिसली. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पिकलेलंच गळतं. आता मला सांगा, झाडाखाली गळून पडलेला पेरू तुम्ही टाकून देता की खाता?"

"खातो की," चेअरमन म्हणाले. "पोपटानं टोचलेला असला तर आदी. लई ग्वाड असतो."

"मग मशीनला तो का देत नाही?"

सरांनी शेडमागच्या झाडाखालचे चार मऊ पेरू मागवले, ते चिरून उकळत्या पाण्यातून काढले आणि आपल्या छोट्या चाळणीवर चमच्याने घासले. खाली घट्ट, गुळगुळीत गर साचला. मग त्यांनी आमच्या उद्घाटनाला होता तसला एक देखणा टणक पेरू घेऊन तेच केलं. चाळणीवर रवा उरला. "हा पेरू खायला झकास," ते म्हणाले, "पण मशीनला दात नाहीत. तिला हाताने दाबला की बोट आत जाईल असाच पेरू द्या." सगळ्यांनी चाळणी हातात घेऊन बघितली, बोट लावून चाखलं, एकमेकांना समजावून सांगितलं. मला इतका आनंद झाला की सुतकात शोभणार नाही इतकी मी हसले. सर जाताना चेअरमननी त्यांच्या डोक्याकडे एकवार हळहळून बघितलं, पण हात आवरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांनी क्रेट आणले. सगळे टणक. पोपटी, एकसारखे, अंगावर डाग नाही. आमच्या अण्णांनी तर एकेक पेरू फडक्याने पुसून आणला होता.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. माझं माहेर नगरच्या कर्जतकडचं, कोरड्या मुलखातलं. तिकडे भाषा पाण्यासारखी जपून वापरत नाहीत. काल चाळणी हातात घेतली ती कशाला, असं मी एकेकाला विचारत सुटले. कुणी कपाळ खाजवलं, कुणी मोबाईल काढला. शेवटी अण्णाच म्हणाले, "ऐकलंय आमी समदं. मऊ पायजे, पटलंय. पर चारचौगांत मऊ माल घिऊन पयला कोन येनार?"

मी शेडला कुलूप लावलं आणि घरी आले.

घरी आईंनी सांगितलं तेव्हा अंगठ्याचा उलगडा झाला. अण्णा तरुण असताना बाजारात माल घेऊन गेले होते. व्यापाऱ्याने त्यांच्या क्रेटमध्ये खालून हात घालून एक पेरू काढला आणि त्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्याने तो चिकट अंगठा वर करून सगळ्या बाजाराला दाखवला आणि म्हणाला, "बघा, ह्याला म्हणतात माल." लोक हसले. त्या दिवशी अण्णा घरी आले ते जेवले नाहीत. "तवापासनं," आई म्हणाल्या, "क्रेट भरताना मला बी हात लावू देत न्हाईत. एकेक फळ सोता दाबून बगत्यात." मला वाईट वाटलं, आणि सकाळी मी त्यांना सगळ्यांदेखत बोलले याची लाजही वाटली. सरांनी एका दुपारी सांगितलेलं खरं होतं, पण तो अंगठा कितीतरी वर्षं वर होता. गावात प्रत्येक बागवाल्याने तो कधी ना कधी बघितलेला होता.

सोमवारी फोन वाजला. "मामा, कधी येऊ?"

अण्णा या वेळी टाळाटाळ न करता म्हणाले, "किंक्रांतीला ये. असलं काम चांगल्या दिवसाला कशाला करायचं?" आई उठून बागेत गेल्या आणि अंधार पडेपर्यंत आल्या नाहीत.

मी ऑफिसात जाऊन बसले. रागाने उगीच ते कपाट उघडलं. समोर फेटा. या फेट्याने आमचं किती ज्ञान बुडवलं, असं मनात आलं, आणि मग वाटलं, या गावाला जर एकच गोष्ट मनापासून करता येत असेल, तर ती थांबवायला मी कशाला मरतेय? मी चेअरमनकडे गेले. म्हटलं, "भोगीच्या दिवशी जो संचालक सगळ्यात मऊ क्रेट आणेल, त्याचा कंपनीतर्फे जाहीर सत्कार करायचा. शाल, नारळ, आणि तुमच्या हातचा फेटा."

सुतकामुळे चेअरमनची बोटं कधीची उपाशी होती. त्यांनी माझ्यासमोरच मोबाईलवर ग्रुपमध्ये टाकलं, आणि खाली स्वतःच हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्यानंतर गावात जे झालं ते बघण्यासारखं होतं. ज्या माणसांनी जन्मभर मऊ पेरू लपवला, ती आता टणक लपवायला लागली. कुणी गव्हाच्या काडात पेरू पिकत घातले, कुणी गोधडीत गुंडाळले. एका संचालकाची बायको मला सांगत आली की घरात पांघरायला काही उरलं नाही. संध्याकाळी पारावर बसलेली माणसं एकमेकांना विचारत, "तुझा बसला का, मऊ पडला का?" आणि समोरचा गंभीरपणे सांगे, "उद्यापतूर बसंल." सगळ्या गावाला पेरूचा वास यायला लागला.

एकटे अण्णा ढिम्म. "मऊ मालाचा सत्कार म्हंजे नापास पोराची मिरवनूक," ते म्हणाले. "मला न्हाई यायचं."

भोगीच्या सकाळी शेडसमोर मांडव. क्रेट लागले होते. चेअरमन प्रत्येक क्रेटमधून एक फळ काढून अंगठा दाबत होते आणि परीक्षकासारखे मान हलवत होते. अण्णांची जागा रिकामी होती. मशीन सुरू करायची वेळ झाली तरी मी फाटकाकडेच बघत होते. माझ्या सँपलचं जे व्हायचं ते होईल, पण अण्णा आले नाहीत तर दोन दिवसांनी बागेत जेसीबी येणार, हे मला आणि घरी भोगीची भाजी करत बसलेल्या आईंना पक्कं माहीत होतं. दुसऱ्यांच्या पेरूवर आमची बाग वाचणार नव्हती. आपला मऊ माल खपतो हे अण्णांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

मग त्यांची मोटारसायकल आली. मागे एक क्रेट, त्यावर त्यांचं उपरणं घट्ट गुंडाळलेलं. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. क्रेट उतरवून ओळीच्या अगदी टोकाला ठेवला आणि उपरणं काढलं. पिवळे, भरदार, देठाशी सुटायला आलेले पेरू. वास मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. चेअरमन आले, क्रेटमध्ये खालून हात घातला आणि एक पेरू काढून त्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. अण्णांची मान खाली गेली. मी बघत होते, त्यांनी उपरणं मुठीत आवळलं होतं.

चेअरमननी तो चिकट अंगठा वर केला, सगळ्या मांडवाला दाखवला आणि म्हणाले, "बगा. ह्याला म्हन्त्यात माल."

टाळ्या पडल्या. चेअरमनना बाजारातली ती जुनी गोष्ट माहीत होती की नव्हती, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. अण्णांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आणि चेअरमन आधीच फेट्याचं टोक त्यांच्या कपाळावर धरून उभे होते. फेटा एकदाच बांधला, पसंत पडला. शाल घातली. नारळ दिला, तो अण्णांनी पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे टेबलावर ठेवला.

मशीनने त्या दिवशी आवाजही केला नाही म्हणायला हरकत नाही. खालून सायीसारखा गर पडत होता आणि बाजूने बिया. अण्णा डोक्यावर फेटा तसाच ठेवून मशीनपाशी उभे राहिले आणि दुसऱ्यांना ओरडत राहिले, "तो टनक काड भाईर. दात हायेत का तिला?" हे वाक्य त्यांना लहानपणापासून माहीत असावं अशा थाटात ते बोलत होते. संक्रांतीला मी कॅन मांडीवर घेऊन एसटीने नगरला गेले. आईस्क्रीमवाल्याने चमचा चाटला, पुन्हा बुडवला, आणि दर आठवड्याला पाठवा म्हणाला. घरी आल्यावर मी सांगितलं तेव्हा आईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हात सोडलाच नाही.

भाच्याला मात्र कळवायचं सगळे विसरले. किंक्रांतीला सकाळी जेसीबी धडधडत दारात. भाचा नव्या शर्टात.

"बाग ऱ्हातीय," अण्णा म्हणाले.

त्याचा चेहरा असा पडला की मला दया आली. "मामा, येवढं डिझेल जाळून आलो की."

अण्णांनी थोडा विचार केला. मशीनशेजारी बियांचा ढीग साचला होता आणि माशा लागल्या होत्या. "चल, कंपनीच्या मागं खड्डा घे. बिया टाकायला लागतोच." भाचा खुलला. पण नारळ फोडल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही, मग दिवस कुठलाही असो. दुकान बंद. मी कपाट उघडलं आणि तो नारळ काढून दिला. सर, वॉचमन आणि बाकी सगळे मान्यवर ज्याच्यावरून हात फिरवून गेले तो. आईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि दगडावर आपटला.

पाणी आलं नाही. आत कधीच सुकून गोटा झाला होता, करवंटीतून सुटून नुसता वाजत होता.

अण्णा वाकून बघत म्हणाले, "येवढी वर्सं पावन्यांच्या हातात देत हुतो. आत काय झालंय ते कुनी बगितलंच न्हाई."

आईंनी खोबऱ्याचा तुकडा तोडून आधी स्वतः चाखला. मग एक मोठा तुकडा भाच्याच्या हातावर ठेवला.

"ग्वाड हाय, खा," त्या म्हणाल्या. "खड्डा घे, जेवून जा. आन् सोमवारचा फोन आता करू नको."